दाराच्या आतलं पाणी

बंद असलेलं दार उघडून परत धाडकन लावून बघायची खाज माणसाला का असते, हे मला कुणीतरी सांगा. अजून डोकं तापलेलंच आहे.

तर, जुनी गाडी, पत्रा-रंग-इंजिन सगळं उरकलं, उरली आतली सजावट. दारांची नवीन रेक्झिनची पॅनलं. काम काय, तर ३ मिलीमीटरचा हार्डबोर्ड, त्यावर पातळ फोम, वर रेक्झिन, मागे कडेने स्प्रिंगच्या क्लिपा, प्रत्येक क्लिप दाराच्या पत्र्यातल्या भोकासमोर धरायची आणि तळहाताने दाबायची. टक्. झालं. निदान किटसोबतच्या कागदावर तरी एवढंच लिहिलंय.

मी पत्र्यावर पॉलिथिन चिकटवत होतो तेवढ्यात शेजारचे काका आले. हात मागे बांधून. हात मागे बांधलेला माणूस कामाला कधीच येत नाही, तो तपासणीला येतो.

"हे प्लास्टिक कशाला रे?"

म्हटलं, काका, काचेवरून पावसाचं पाणी ओघळून दाराच्या आत जातं, ते हार्डबोर्डला लागलं की तो फुगतो, वाकडा होतो, म्हणून मधे प्लास्टिक.

"दाराच्या आत पाणी जातं?"

"जातंच. सगळ्याच गाड्यांच्या जातं."

"माझ्या नाही जात."

"तुमच्याही जातं काका."

"मग ते जातं कुठे?"

"खाली भोकं असतात, त्यातून बाहेर."

काका वाकले, दाराची खालची कड बघितली, भोकात करंगळी घालून बघितली. मग सरळ उभे राहून, अत्यंत दुःखी चेहऱ्याने म्हणाले, "म्हणजे आधी पाणी आत घ्यायचं आणि मग ते जावं म्हणून दाराला भोकं पाडायची. वरच नाही का अडवता येत?"

आता काचेलगत रबराची पट्टी असते पण काच खालीवर व्हायची तर पट्टीतून थोडं पाणी सुटणारच, हे मी त्यांना रबर हातात देऊन समजावलं. त्यांनी रबर ओढून बघितलं, वास घेतला, खिशात टाकलं (मागून घ्यावं लागलं!) आणि निकाल दिला, "गळकी आहे गाडी. विकणाऱ्याने फसवलं तुला." तेवढ्यात कुणीतरी वरून विचारलं, काय चाललंय, तर काकांनी तिथूनच ओरडून सांगितलं, "याच्या गाडीच्या दारात पाणी भरतंय!"

मी गप्प. तोंडात क्लिपा होत्या.

बरं, काका राहू देत, खरा राग आहे तो किटवाल्यांचा. हार्डबोर्डमधली क्लिपांची भोकं आणि दाराची भोकं यांचं जमतच नाही. खाच लांबट असते, क्लिप थोडी सरकते, कबूल, पण थोडी म्हणजे किती! खालच्या रांगेत अख्खी क्लिप पत्र्यावर येऊन बसते आणि दाबलं की पत्र्यात न जाता हार्डबोर्डच फोडून बाहेर यायला बघते. परत खाच कोरा. रेक्झिनला ड्रिल लावायची सोय नाही, धागा बिटाला गुंडाळतो आणि डोळ्यांदेखत सुरकुती पडते, म्हणून हँडलचं भोक आरीने टोचून पाडायचं. सगळं हाताने. जुनं फाटकं पॅनल फेकलं नव्हतं म्हणून निभावलं, ते नव्यावर ठेवून भोकं मारली. पण मग पैसे कशाचे घेतले? रंगाचे?

शेवटी पॅनल बसलं. कडा पत्र्याला लागून, फुगवटा नाही, हँडलच्या चकतीखाली रेक्झिन गुळगुळीत. मी जरा मागे सरकून बघतोय, आणि काका म्हणाले, "लागतंय का बघू नीट," आणि घातलं दार. धाडकन. टक् टक् टक्, खालची रांग सुटली.

"आतून आवाज येतोय," काका म्हणाले. "बघ, पाणी असेल."

त्यानंतर मी काही बोललो नाही, म्हणजे काकांना ऐकू जाईल असं काही बोललो नाही. सुटलेल्या क्लिपांचे पाय पक्कडने जरा फाकवले, परत दाबल्या, आता धरल्यात. काच खाली करताना आतून कुरकुर येते, पण ती कदाचित माझीच असावी.

दुसऱ्या दाराचं पॅनल अजून गुंडाळलेलंच आहे. वर मोठ्या अक्षरात 'परफेक्ट फिट', आणि मागे, अगदी बारीक टायपात, 'किरकोळ फेरफार करावे लागू शकतात'.