सहा हजार बावीस परार्धांची घट

लग्नातली अंगठी मोडायला गेलो होतो. काट्यावर ५.३४० ग्रॅम भरली. सराफाने आत नेऊन मुशीत वितळवली आणि गोळा पुन्हा काट्यावर ठेवला. ५.१२५.

"घट आहे, साहेब," उद्या पाऊस आहे, अशा सुरात तो म्हणाला.

"दोनशे पंधरा मिलिग्रॅम?"

"तेवढी जातेच."

जातेच म्हणजे कुठे जाते? आजच्या भावाने दोन हजारांच्या वर गेले की माझे! हे मी मोठ्याने विचारलं, तिथेच फसलो. शेजारी एक गृहस्थ बायकोच्या पाटल्या बदलून व्हायची वाट बघत बसले होते. खिशाला दोन पेनं. बत्तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, हे त्यांनी नमस्काराच्या आधी सांगितलं.

"अहो, मिलिग्रॅम काय मोजताय? अणू किती गेले ते काढा."

मला अणू नको होते, पैसे हवे होते. पण त्यांनी सराफाच्या पावतीपुस्तकातला कोरा कागद फाडून माझ्यापुढे सरकवला होता. सोन्याचा एक मोल म्हणजे १९७ ग्रॅम. त्यात अणू ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. २१५ मिलिग्रॅमला १९७ ने भागलं, वर त्या आकड्याने गुणलं. साडेसहा गुणिले १० चा २० वा घात. बरोबर आलं म्हणून मला उगाच बरं वाटलं.

"चूक! कॅरेट किती? बावीस ना? अरे, मग!"

'अहो'चं 'अरे' झालं होतं. ९१६ चा छाप म्हणजे हजारात ९१६ भागच सोनं, बाकी तांबं-चांदी. २१५ चे उरले १९७ मिलिग्रॅम. म्हणजे बरोब्बर एक मिलिमोल, मोलाचा हजारावा भाग. सर आनंदाने मांडीवर थाप मारून म्हणाले, "काय सुंदर गणित पडलंय!"

भास्कराचार्यांच्या लीलावतीतल्या मोजणीने हे सहा हजार बावीस परार्ध अणू होतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आजोबांकडून एकं-दहं-शतं पाठ करताना हा शब्द आयुष्यात कशाला लागणार, असं वाटायचं. तर याला. मोलातल्या अणूंचा आकडा ज्याच्या नावाचा, तो इटालियन शास्त्रज्ञ अ‍ॅव्होगाड्रो १८५६ सालीच गेला. आकड्याला त्याचं नाव फ्रेंच शास्त्रज्ञ पेरँने १९०९ मध्ये दिलं. बिचाऱ्याला पत्ताच नाही. मला होता. मी कागद सराफापुढे धरला, "हे बघा, एवढे अणू गेले माझे."

"पण ते सोन्याचेच कशावरून?" हे सराफ नाही, सरच! "अंगठी कधी वाढवली होती?"

दोनदा. लग्नानंतर बोटाने माझं ऐकलं नाही.

"मग जोडाला डाग दिलेला असणार. डागात जस्त. जस्त ९०७ अंशांना उकळतं, शुद्ध सोनं १०६४ ला वितळतं. उडालं! शिवाय खाचेतला साबण, मळ... अंगठी घालून कणीक मळायचास का?"

मळायचो. पण ते भर दुकानात कबूल करायची गरज नव्हती. सराफाच्या चेहऱ्यावर प्रथमच तेज आलं. "बघा, सरच म्हणतात!"

माझ्याच हातून हिशेब करून घेऊन माझाच दावा काढून घेतला या माणसाने. जस्त उडालं असेल, मान्य. पण दोनशे पंधरा मिलिग्रॅम? आणि ती मूस मला कुणी दाखवली? सोनं आतल्या खोलीत गेलं, तेव्हा मी बाहेर चहा पीत होतो. चहा फुकट होता. आता कळतंय किती फुकट.

"सर," मी विचारलं, "सोन्याचं काही जातच नसेल, तर केरातून सोनं वेचणारे झारेकरी दुकानातला केर पैसे मोजून का नेतात?"

सराफ कॅल्क्युलेटरमध्ये वाकला. सरांनी पेनाला टोपण लावलं.

"तो प्रश्न सिलॅबसच्या बाहेरचा आहे."