गस्ती विमानांची गरज संपली? मुळीच नाही

"उपग्रह आणि ड्रोन आलेत, आता माणसं बसलेली सागरी गस्ती विमानं म्हणजे पांढरा हत्ती. युद्धात ती पहिल्याच दिवशी पडतील. तो पैसा ड्रोनवर लावा." हा दावा सध्या सगळीकडे फिरतोय. ऐकताक्षणी पटतोही, म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवं.

"उपग्रहाला सगळं दिसतं."

दिसतं ते पाण्यावरचं, आणि तेही तो डोक्यावरून जात असेल तेव्हा. मार्च २०१४ मध्ये बेपत्ता मलेशियन प्रवासी विमान एमएच ३७० च्या शोधात दक्षिण हिंदी महासागरात काही संशयास्पद वस्तू उपग्रहाने टिपल्या. चित्रं १६ तारखेची होती, जाहीर झाली २० तारखेला. खातरजमेला शेवटी ओरायन आणि पी-८ ही गस्ती विमानंच धाडावी लागली. तोवर चार दिवस उलटले होते, त्या वस्तू काही हाती लागल्या नाहीत.

पाण्याखाली तर रडारचं काही चालतच नाही. पाणबुडीचा माग मुख्यतः आवाजावरूनच काढतात. त्यासाठी विमान सोनोबॉय, म्हणजे पाण्यातले आवाज ऐकणारं नळकांडं, टाकतं. ते छोट्या पॅराशूटने उतरतं, वरचा भाग तरंगत राहतो आणि तारेला लटकलेला ध्वनिग्राहक ठरलेल्या खोलीपर्यंत जातो. त्याने ऐकलेलं रेडिओवरून विमानात पोचतं. मात्र वरच्या कोमट पाण्याखाली गार थर लागला की आवाजाची वाट वाकते, आणि मुरलेला पाणबुडीचा कप्तान नेमका तिथेच दडतो. म्हणून आधी तापमान मोजणारा बॉय टाकायचा, मग बाकीचे कुठे आणि किती खोल सोडायचे ते ठरवायचं. कानावर आलेला आवाज मालवाहू जहाजाचा की पाणबुडीचा, हे ओळखायला संगणक मदत करतो, पण त्यावर टॉर्पेडो सोडायचा की नाही हे अनुभवी माणसानेच ठरवावं, असं माझं ठाम मत आहे.

"हे सगळं ड्रोन स्वस्तात करेल."

तासन् तास पहारा देण्यात ड्रोन सरस आहेत, वादच नाही. सीगार्डियन या ड्रोनवरून सोनोबॉय टाकण्याच्या चाचण्याही झाल्या आहेत. पण पी-८ शंभराहून जास्त सोनोबॉय आणि टॉर्पेडो घेऊन निघतं. शोधणं, ओळखणं, मारणं एकाच फेरीत. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाने म्हणूनच ट्रायटन ड्रोन आणि पी-८ अशी जोडी ठेवली आहे. ड्रोनने विस्तीर्ण टापूवर नजर ठेवायची, विमानाने संशयिताच्या मागे लागायचं. पुढचा काळ या जोडीचा आहे.

"युद्धात पहिल्याच दिवशी पडतील."

शत्रूच्या लढाऊ विमानांच्या टप्प्यात बेधडक शिरली तर पडतील, हे खरं. ड्रोन तरी कुठे सुटतात? जून २०१९ मध्ये इराणने अमेरिकेचं भलंमोठं टेहळणी ड्रोन पाडलंच. उलट ४ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात अर्जेंटिनाच्या एका जुनाट नेपच्यून गस्ती विमानाने खालून उडत, मधूनच वर येऊन रडार चालवत ब्रिटिश जहाजांचा ठावठिकाणा कळवला. त्यावरून आलेल्या अर्जेंटिनाच्या लढाऊ विमानांनी एक्झोसेट क्षेपणास्त्रं सोडली, 'शेफील्ड' ही विनाशिका कामी आली. नेपच्यून सुखरूप परतलं.

"नंतर लागली तर घेऊ."

ब्रिटनने हे करून पाहिलंय. २०१० मध्ये आपली निमरॉड गस्ती विमानं मोडीत काढली. पुढे स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ परक्या पाणबुडीचा संशय आला तेव्हा मित्रदेशांची विमानं बोलवावी लागली. २०१५ मध्ये नऊ पी-८ घ्यायचं ठरलं, त्यातलं पहिलं ब्रिटनमध्ये उतरलं २०२० मध्ये. मधल्या काळात हे कसब हातचं जाऊ नये म्हणून ब्रिटिश चालकदलं अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या विमानांवर पाठवावी लागली होती.