लस टाळून अ‍ॅलर्जी टळत नाही

आमच्या मानेवाड्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. लहानपणीच्या लसींमुळे मुलांना दमा, एक्झिमा, शिंकांची अ‍ॅलर्जी जडते. लसीतलं अ‍ॅल्युमिनियम त्याला कारण. आजी-आजोबांना लसी नव्हत्या म्हणून अ‍ॅलर्जीही नव्हती. आणि अमेरिकेतल्या पाहणीत लस न घेतलेली मुलंच निरोगी निघाली, असं त्यात म्हटलंय. माझ्या लेकीला बाळपणी एक्झिमा होता, आता दमा आहे. त्यामुळे दहा जणींनी तो मला आवर्जून पाठवला. सगळ्यांना एकदाच उत्तर देते.

आधी आजी-आजोबा. घरातल्या सत्तरीच्या माणसाची बाही वर करून बघा, दंडावर देवीच्या लसीचा वण सापडेल. माझ्या सासूबाईंच्या दंडावर असे दोन आहेत. लसी कमी होत्या, पण नव्हत्या असं नाही. त्या काळापेक्षा अ‍ॅलर्जी वाढली हे मात्र खरं. पण त्याचं खापर लसींवर फोडायचं तर जर्मनीचं काय करायचं? पूर्व जर्मनीत लसी सक्तीच्या होत्या, पश्चिमेत ऐच्छिक. 1990 मध्ये देश एक झाल्यावर पूर्वेतलं लाइपझिग-हाले आणि पश्चिमेतलं म्युनिक इथल्या मुलांची तुलना झाली. परागकणांची अ‍ॅलर्जी म्युनिककडे जास्त निघाली, म्हणजे मेसेजच्या बरोब्बर उलट.

ती अमेरिकेतली पाहणी 2017 ची. घरीच शिकणाऱ्या 666 मुलांच्या आयांकडून नाव न घेता ऑनलाइन फॉर्म भरून घेतले होते. कुणा डॉक्टरने मुलं तपासली नाहीत, कागदपत्रं पाहिली नाहीत. जी आई लसीसाठीही दवाखान्यात जात नाही, तिच्या मुलाच्या शिंकांना 'अ‍ॅलर्जी' हे नाव देणार कोण? नाव पडलं नाही की फॉर्मवर मूल निरोगीच. जर्मनीतही 2003 ते 2006 मध्ये मोठी पाहणी झाली, तिच्यातल्या 13 हजारांवर मुलांच्या लसीची माहिती तपासली गेली. लस न घेतलेली फार थोडी होती, पण त्यांच्यात आणि इतरांत अ‍ॅलर्जीचा फरक दिसला नाही. गोवर, डांग्या खोकला यांसारखे आजार मात्र त्यांच्यात जास्त आढळले.

"पण आमच्या बाळाला डोसनंतरच पुरळ आलं," असं जी म्हणते, ती खोटं बोलत नाही. मीही तेच म्हणायचे. दीड महिन्याच्या डोसनंतर लेकीचे गाल लाल, खरखरीत झाले, अशी माझी पक्की खात्री होती. मग एकदा जुने फोटो चाळताना आत्याबाईंच्या घरच्या पूजेतला फोटो सापडला, डोसच्या चार दिवस आधीचा. झबल्यातलं बाळ, आणि दोन्ही गाल तसेच लाल. एक्झिमा बहुधा पहिल्या काही महिन्यांतच डोकं काढतो, आणि डोसही तेव्हाच असतात. माझ्या फोटोनेही काही सिद्ध होत नाही म्हणा. म्हणूनच हजारो मुलांचा अभ्यास लागतो.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल 2022 मध्ये अमेरिकेत सव्वातीन लाख मुलांच्या अभ्यासात दम्याशी थोडासा संबंध दिसला होता, हे लपवायचं कारण नाही. त्यातून कारण सिद्ध होत नाही, हे संशोधकांनी स्वतःच लिहिलं. मग 2025 मध्ये डेन्मार्कने 12 लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या. दमा, एक्झिमा, परागकणांची अ‍ॅलर्जी, कशाचाच धोका वाढलेला दिसला नाही. आणि बीसीजी, पोलिओचे थेंब, गोवर-रुबेला यांत अ‍ॅल्युमिनियम नसतंच. मेसेज मात्र याही लसी नको म्हणतो.

लसीची तीव्र अ‍ॅलर्जी असते, पण साधारण दहा लाख डोसमागे एखादी. ती बहुधा लगेच दिसते आणि तिच्यावर इंजेक्शन असतं. सिस्टर अर्धा तास बसायला लावतात ते त्यासाठी. तेवढं बसाच.

दमा कशाने उसळतो ते शोधायचं तर घरात आणि घराभोवती बघा. आमची लेक दर एप्रिलमध्ये रात्रभर खोकायची. यंदा कूलरची जाळी काढली, तर मागच्या वर्षीची खस काळी पडलेली, हात लावताच चुरा होणारी, कुबट वासाची. ओल्या खशीत बुरशी धरते आणि वारा थेट पोरीच्या तोंडावर. खस बदलली, टाकी घासली, पंपही धुतला. खोकला पुरता गेला नाही, पण ती रात्री झोपायला लागली. गाजरगवताच्या परागकणांचंही तसंच आहे. आपल्या मोकळ्या प्लॉटांवर ते कमरेएवढं वाढतं, आणि आपण तक्रारही करत नाही.

दमेकरी मुलाच्या आईने तर गोवरला जास्त भ्यायला हवं. गोवराने दगावणाऱ्या मुलांत बहुतेकांचा जीव न्यूमोनियाने जातो. 2022 मध्ये मुंबईत गोवराने मुलं गेली, ते आपण बातम्यांत पाहिलं. मेसेज वाचून ज्यांनी नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस चुकवला, त्यांनी कार्ड घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जा. पाच वर्षांपर्यंत राहिलेला डोस सरकारी केंद्रात फुकट मिळतो.