ओल्या बारदानाचा वास

आज दुपारपासून डोकं तापलंय. हे लिहून टाकलं नाही तर रात्री झोप यायची नाही.

पणजीत एका रेस्टॉरंटात जेवायला गेलो होतो, मी आणि नवरा. नाव देत नाही, कारण हे एका जागेपुरतं नाही. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब होतं, बोलण्यावरून कोल्हापूरकडचं. साठीचे काका, काकू, मुलगा आणि सून. मुलगा वडिलांना हौसेने खायला घालायला घेऊन आला होता, ते दिसत होतं. त्याने रेड वाइनची बाटली मागवली. वेटरने कॉर्क काढला, काकांच्या ग्लासात घोटभर ओतली आणि थांबला. काकांनी ग्लासाकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं आणि साधेपणाने विचारलं, "एवढीच व्हय?"

त्या पोराने मागे उभ्या असलेल्या दुसऱ्याला डोळा मारला आणि चार टेबलांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चखने के लिए है, अंकल." दोघं हसले. पलीकडच्या टेबलावरचेही हसले. काकांचे कान लाल झाले. सून मान खाली घालून मेनू वाचायला लागली.

आणि मला माझे बाबा दिसले.

२०१४ साल. आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मी त्यांना डिचोलीहून पणजीला आणलं होतं, मळा नावाच्या भागाजवळच्या एका बऱ्यापैकी महागड्या ठिकाणी. बाबा मराठी शाळेत मास्तर होते, पण लहानपणी पोर्तुगीज शाळेत सेगुंदु ग्राव, म्हणजे प्राथमिक, केलेले. गोवा मुक्त झाला तेव्हा बारा वर्षांचे होते. वाइनची यादी हातात आली आणि बाबा ती चक्क मोठ्याने वाचायला लागले. उच्चार कसे, अगदी सफाईदार! विन्यु तिंतु म्हणजे लाल, विन्यु ब्रांकु म्हणजे पांढरी, असं आईला समजावत होते. आई तर बघतच राहिली. मग त्यांचं बोट एका नावावर थांबलं: विन्यु व्हेर्द. "व्हेर्द म्हणजे हिरवी. आज तुला हिरवी वाइन दाखवतो."

बाटली आली, हिरव्या काचेची. बाबा खूश. ग्लासात ओतली तर पाण्यासारखी फिकट. बाबांनी वेटरला हळूच सांगितलं, "बाब, हें व्हेर्द न्हय." त्याला कोंकणी येत नव्हती. तो दुसरी बाटली घेऊन आला, तीही तशीच. मग मॅनेजर आला. तो आमच्यातलाच, गोव्याचा. हसत सुटला आणि म्हणाला, "अहो काका, नाव हिरवी म्हणून रंग हिरवा असतो काय?" एवढंच म्हणाला आणि गेला. का नसतो, ते सांगितलं नाही. बहुतेक त्यालाही ठाऊक नव्हतं.

सांगायला किती सोपं होतं! पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यात मिन्यु नावाचा भाग आहे, तिथली ही वाइन. १९०८ मध्ये तिची हद्द आखली गेली. व्हेर्द म्हणजे इथे कोवळी, न मुरवता लवकर पिऊन टाकायची. काही जण म्हणतात, तो मुलूखच हिरवागार म्हणून हे नाव. व्हेर्द पांढरी असते, लाल असते, गुलाबीसुद्धा असते. म्हणजे शब्द बाबांनी बरोबरच वाचला होता, फसवलं ते नावाने. अख्ख्या रेस्टॉरंटात त्या दिवशी ते लेबल वाचून कळणारा माणूस बहुधा एकटा तोच होता, आणि हसले कोणाला, तर त्याला.

आईला मात्र ती आवडली. जिभेला टोचते म्हणाली, लिंबू सोड्यासारखी. ती बारीक टोचणी त्या वाइनची खासियतच. बाबांनी एक घोट घेतला आणि ग्लास बाजूला सारला. परतताना म्हापशापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

त्या रात्रीनंतर मी हट्टाने वाइनबद्दल वाचलं. नाशिकला जाऊन द्राक्षाचे मळे बघून आले. कोणी मला हसू नये म्हणून नाही, पुन्हा कोणी बाबांना हसला तर उत्तर देता यावं म्हणून.

तर आजचे काका. कान लाल झालेले, तरी त्यांनी तो घोट घेतला. तोंड वाकडं केलं, ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाले, "वल्या बारदानाचा वास मारतोय ही." वेटर म्हणाला, "रेड वाइन ऐसी ही होती है." पुन्हा हसू. मुलगा पण म्हणाला, "पप्पा, असू दे."

आता ऐका. वाइनच्या कॉर्कमध्ये कधी कधी बुरशीमुळे एक द्रव्य तयार होतं, टीसीए म्हणतात त्याला. पिणाऱ्याला त्याने अपाय होत नाही, पण वाइनचा फळांचा वास मरतो आणि उरतो तो ओल्या पुठ्ठ्याचा, भिजलेल्या पोत्याचा. जगभरचे वाइनवाले हेच शब्द वापरतात! आणि तो घोटभर ओतायचा रिवाज आहे तो नेमका याचसाठी. आवडली का, असं विचारायला तो घोट देत नाहीत. बाटली बिघडलेली नाही ना, एवढं गिऱ्हाइकाने सांगावं म्हणून देतात. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा तो घोट घेतला आणि पहिल्याच फटक्यात बरोबर सांगितलं. ज्याने पोती वाहिली असतील त्याच्या नाकाला ओलं पोतं कळणार नाही तर कोणाला कळणार?

मी उठले. नवरा "जाऊ दे गो" म्हणत होता. मी काकांना विचारलं, "मी वास घेऊन बघू?" त्यांनी ग्लास पुढे केला. बारदान! आमच्या डिचोलीच्या घरी पावसाळ्यात नारळाची पोती ठेवलेल्या खोलीला येतो, तोच वास. मी मॅनेजरला बोलावलं आणि सांगितलं. त्यानेही वास घेतला, चेहरा बदलला, बाटली उचलली. दुसरी आणतो म्हणाला, या बाटलीचे पैसे लावणार नाही म्हणाला. तेवढं श्रेय त्याला देते.

पण माफी? त्या पोराने मागितली नाही, मॅनेजरने मागायला लावली नाही.

उघडलेली बाटली परत गेली की मालकाचं नुकसान होतं, मान्य. आणि पिऊन अंगावर येणारे पर्यटक गोव्यात कमी नाहीत, ते सोसून ही पोरं दिवसभर पायावर उभी असतात, तेही मान्य.

खरं तर लिहिता लिहिता त्या पोरावरचा राग उतरतोय. असेल वीस-एकवीस वर्षांचा. कुठून तरी लांबून आलेला, या सीझनच्या आधी त्याने कॉर्कस्क्रू हातात धरला नसेल. त्याला कॉर्क काढायला शिकवलं, घोट ओतायला शिकवलं, घोट का ओततात ते कोणीच शिकवलं नाही. पण हसायला त्याला कोणी शिकवलं? बाबांना हसणारा तो मॅनेजर डोळ्यांसमोर येतो आणि राग परत चढतो. एक तास बसवून या पोरांना सांगायला मालकांचं काय जातं? बाटलीवर इतका नफा घेता ना?

आणि मी त्या यादीवर बोट ठेवून वाइन मागवते, तरी तो घोट नेहमी नवऱ्याच्या ग्लासात! नवरा थेंब घेत नाही, त्याला सोलकढी हवी असते. दर वेळी तो ग्लास माझ्याकडे सरकवतो, आणि तरी बिलाबरोबर "सर, वाइन कैसी थी?" एकदा मे महिन्यात रेड वाइन चहासारखी कोमट आली. बर्फाची बादली मागितली तर म्हणे, रेड रूम टेंपरेचरलाच पितात. अरे, ते रूम टेंपरेचर युरोपातल्या गार खोल्यांचं, सोळा-अठरा अंशांचं. आपल्या मे महिन्यातल्या खोलीचं नव्हे! पुण्याच्या मैत्रिणीने एकदा "पोर्ट" मागितली. तिच्या डोक्यात आपली गोव्याची गोड, स्वस्त पोर्ट वाइन. आपल्याकडे नाताळात शेजारून बेबिंका, दोदोल असं गोडधोड येतं, त्याच्याबरोबर घोटभर घेतात ती. तिला आली पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली अस्सल. अंगठ्याएवढा ग्लास, बिलात तिच्या माशाच्या थाळीपेक्षा महाग. ती बिचारी म्हणाली, "मीच नीट विचारायला हवं होतं." का? वेटरने आधी एका वाक्यात सांगितलं असतं तर? दर वेळी गिऱ्हाइकच का ओशाळतं?

बाबा तसेच ओशाळले. त्या रात्रीनंतर त्यांनी कधी बाहेर वाइन मागवली नाही. बारसं असो, वाढदिवस असो, मेनू हातात आला की मिटून ठेवतात आणि म्हणतात, "मला लिंबू सोडा." अकरा-बारा वर्षं हेच चाललंय. पोर्तुगीजही परत कधी वाचलं नाही त्यांनी आमच्यासमोर.

आज त्या टेबलावर दुसरी बाटली आली. वेटरने कॉर्क काढला, घोट ओतला आणि या वेळी गप्प उभा राहिला. काकांनी घाई केली नाही. ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले. अख्खं टेबल थांबलं होतं, काकूंचा चणाक माशाचा तुकडा हातातच. मग काका म्हणाले, "हं. आता वास नाही. भरा." सुनेने टाळी वाजवली. त्यांनी माझ्या टेबलावर सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, एक प्लेट पाठवून दिली, मी नको नको म्हणत असताना.

संध्याकाळी बाबांना फोन करून सगळं सांगितलं. बारदानाचं ऐकून खूप हसले, खोकला येईपर्यंत. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, फोन कट झाला.

मग म्हणाले, "ती व्हेर्द अजून मिळते काय गो तिथे?"