थरची वाळू चार हजार वर्षांची नाही

“थर पूर्वी घनदाट अरण्य होतं. चार हजार वर्षांपूर्वी सरस्वती आटली, तिच्या पात्रातली वाळू उडाली आणि वाळवंट झालं.” हा मजकूर पुन्हा पुन्हा समोर येतो. त्यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे.

आधी वय. राजस्थानात डीडवाण्याजवळ ‘16 आर’ नावाची वाळूची टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्र आणि शरद राजगुरू यांनी 1980च्या दशकात तिथे उत्खनन केलं. सुमारे 18 मीटर खोलीपर्यंत वाळूचे थर आणि आदिमानवाची दगडी हत्यारं मिळाली. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीचे अशोक सिंघवी आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये या टेकडीचा सुमारे 2 लाख वर्षांचा इतिहास मांडला. वाळूचा कण गाडला गेला की भोवतालच्या किरणोत्साराची ऊर्जा त्यात साठत जाते. ऊन लागलं की ती निघून जाते. म्हणून नमुना बंद नळीत, उजेड न लागू देता काढतात. कणाला शेवटचं ऊन कधी लागलं, ते साठलेल्या ऊर्जेवरून मोजता येतं.

“आधी हिरवं, मग रखरखीत” हेही खरं नाही. त्याच खोदकामात वाळूच्या थरांमध्ये कंकराचे, म्हणजे चुन्याच्या कडक गाठींचे, थर दिसतात. टेकडी स्थिरावते, थोडाफार पाऊस चुना विरघळवून खाली नेतो, तेव्हा कंकर धरतो. म्हणजे वाळू अनेकदा थांबली, अनेकदा पुन्हा उडू लागली.

वाळू साठली म्हणजे दुष्काळ पडला, हे गृहीतक तर शिकलेली माणसंही धरून चालतात. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, थरचं वाळवंट कोरडं होतं. तरी टेकड्यांची मोठी वाढ तेव्हाची नाही. ती झाली साधारण 14,000 ते 10,000 वर्षांपूर्वी, नैर्ऋत्य मोसमी वारे पुन्हा जोर धरू लागले तेव्हा. थरची वाळू मुख्यतः हेच उन्हाळी वारे वाहून नेतात. वारा आला होता, पण वाळू धरून ठेवण्याइतकं गवत अजून रुजलं नव्हतं. मला या संशोधनातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. शिवाय वाळूचा जो थर वाऱ्याने पुन्हा उडवून नेला, त्याची नोंदच उरत नाही. एका टेकडीवरून अख्ख्या वाळवंटाचं हवामान सांगता येत नाही, ते यामुळेच.

राहिली नदी. घग्गर-हाकराचं पात्र अनेकजण सरस्वतीचं मानतात. त्या जुन्या पात्रावरचा 2017चा अभ्यास सांगतो की सतलज सुमारे 8,000 वर्षांपूर्वीच ते पात्र सोडून गेली होती. त्यानंतर काही काळ थरमध्ये आजच्यापेक्षा जास्त पाऊस होता, हे खरं. तळ्यांच्या गाळातले परागकण मात्र गवताळ प्रदेश दाखवतात, अरण्य नव्हे. आणि राजस्थानातल्या लुणकरणसरचं तळं आटलं ते 5,000 वर्षांहून आधी, हडप्पा संस्कृतीची मोठी शहरं भरभराटीला येण्यापूर्वी.