इनमीन तीन

परवा सिग्नलला थांबलो तर पुढे पेट्रोलचा टँकर, त्याच्या पाठीवर मोठ्ठ्या अक्षरात 'हायली इनफ्लेमेबल', आणि मागच्या सीटवरून लेक विचारते, "बाबा, म्हणजे हा अजिबात पेटत नाही ना?" तिची काय चूक, आदल्याच रात्री मी जांभया देत शिकवलेलं की 'इन' लागलं की अर्थ उलटा, करेक्ट-इनकरेक्ट, विझिबल-इनव्हिजिबल, चल झोप आता.

घरी येऊन डिक्शनरी उघडली आणि पस्तावलो. लॅटिनमध्ये 'इन' एक नाही, दोन निघाले. एक नन्नाचा पाढा वाचणारा, आपल्या 'अ', 'अन'चा लांबचा भाऊ. बरं तो पण धड एका रूपात राहत नाही, निवडणुकीतल्या उमेदवारासारखा समोर जो येईल त्याच्यासारखं तोंड करतो, म्हणून इम्पॉसिबल, इललीगल, इर्रेग्युलर. दुसरा 'आत'वाला, आणि इनफ्लेमेबल नेमकं त्याचं, म्हणजे पेट घेणारं! या घोळात कोणी जळून मरू नये म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२० च्या दशकात 'इन' काढा, नुसतं फ्लेमेबल लिहा असा धोशा लावला. आपल्याकडचे टँकर अजून तसेच.

हे सगळं लेकीला सांगितलं. इनफंट म्हणजे मुळात 'न बोलणारं', हे सांगत असताना ती सलग बोलत होती. इनव्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल असं वहीत लिहिलेलं, म्हटलं अगं उलट, अमूल्य, ज्याची किंमतच करता येत नाही असं. तेवढ्यात आतून आजी ओरडली, "शर्ट इन कर आधी, रिक्षा येईल!" झालं, हा तिसरा, खास आपला.

"इंग्लिश येडं आहे," लेक म्हणाली. मला बरं वाटलं, म्हटलं बघ, आपली मराठी कशी सरळ! तर म्हणे, "विमल म्हणजे मळ नसलेलं, मग विशुद्ध म्हणजे शुद्ध नसलेलं?"

मी चहा टाकायला उठलो.

संध्याकाळी डायरीत मॅडमचा शेरा, 'इनडिफरंट इन क्लास'. मी काही बोलायच्या आत तिनेच समजावलं, "डिफरंट नाही, म्हणजे सगळ्यांसारखीच. आणि पुढे अजून एक इन आहे बाबा, दोन इन कॅन्सल होतात."

मी गुपचूप सही केली.