जाळं काढलं म्हणून नदी वाचत नाही

गेल्या काही दिवसांत एकच मजकूर मला चार गटांतून आला. सोबत फोटो: मागे बर्फाचे डोंगर, पुढे मूस या अवाढव्य हरणाची भली मोठी शिंगं धरून हसणारा माणूस. म्हणणं थोडक्यात असं. अलास्का हे पृथ्वीवरच्या शेवटच्या रानांपैकी एक आहे आणि शिकारी व मासेमार ते संपवताहेत. दुकानं असताना मारून खायची गरज कुणालाच उरलेली नाही. हे लोक निसर्गाकडून फक्त घेतात. सरकारही त्यांच्यासाठी अस्वलं मारतं. तेव्हा शिकार आणि मासेमारी पूर्ण बंद करा, माणसाला बाहेर काढा, पुढचं निसर्ग बघून घेईल.

पाठवणारे सगळे माझ्या ओळखीचे, पक्ष्या-प्राण्यांवर जीव लावणारे. म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं. मी सोलापूरकडचा. नान्नजच्या माळावर माळढोकाचं अभयारण्य १९७९ पासून आहे, आणि शिकारीला बंदी त्याआधीपासून, १९७२च्या कायद्यानं. तरी आज तिथं माळढोक दिसला तर ती बातमी होते. बंदूक थांबली, पण माळ आक्रसत गेला. पाणी आलं, पिकं बदलली, आभाळात विजेच्या तारा आल्या. हे डोळ्यांदेखत घडल्यामुळे ‘बंदी घाला, सगळं वाचेल’ हे वाक्य मला सहजासहजी गिळता येत नाही.

‘शिकाऱ्यांनी तिथले प्राणी संपवले’

यात खरं आहे ते आधी मान्य करतो. १७४१मध्ये रशियाच्या वतीनं निघालेल्या बेरिंग या दर्यावर्दीची मोहीम त्या किनाऱ्यांवर पोचली आणि तिच्या पाठोपाठ कातड्यांचे व्यापारी आले. स्टेलरची समुद्रगाय नावाचा अवाढव्य, शांत प्राणी त्यानंतर २७ वर्षांत, १७६८पर्यंत, जगातून नाहीसा झाला. समुद्री ऊदमांजरं इतकी मारली गेली की १९११मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला तेव्हा ती हजार-दोन हजारच शिल्लक होती. मस्कऑक्स हा लांब केसांचा, बैलासारखा प्राणी तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अलास्कातून पार पुसला गेला.

पण ही शिकार कसली होती, ते बघा. माल दूरच्या बाजारात जायचा, किती मारायचे याला हद्द नव्हती आणि मारणाऱ्याला पुढच्या वर्षी तिथंच राहायचं नव्हतं. आजच्या शिकारीचे नियम याच अनुभवातून आले आहेत. विमानातून उतरलात तर त्याच दिवशी शिकार करता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे आकाशातून हेरून मारणं बंद. मूस मारला की खाण्याजोगं सगळं मांस आधी उचलायचं, शिंगं त्यानंतर. मांस रानात सोडणं हा गुन्हा आहे. केनाई द्वीपकल्पात १९८७पासून कोवळ्या, साध्या शिंगांचे किंवा खूप मोठ्या शिंगांचे नरच मारता येतात. मधले नर पैदाशीसाठी राखले जातात. त्या फोटोतल्या माणसानं नियम पाळले की नाही, मला माहीत नाही. पण फोटोत नुसती शिंगं दिसतात म्हणून मांस टाकून दिलं असं होत नाही.

आणि मस्कऑक्स? १९३०मध्ये ग्रीनलँडहून ३४ जनावरं आणली गेली. पुढे १९३५-३६मध्ये ३१ जनावरं अलास्काच्याच नुनिवाक बेटावर सोडली, तिथला कळप वाढल्यावर त्यातून मुख्य भूमीवर नवे कळप बसवले. आज अलास्कात काही हजार मस्कऑक्स आहेत, आणि त्यांची मोजक्या परवान्यांवर शिकारही होते. संपलेला प्राणी परत आणून, वाढवून, मग हिशेबानं खाण्याइतका केला, हे त्या मजकुरात कुठंच नाही.

‘मासेमारी थांबवली की मासे परत येतात’

इथं थोडं थांबतो, कारण याचं उत्तर दोन नद्यांमध्ये आहे.

पहिली गोष्ट ब्रिस्टल बेची. नैऋत्य अलास्कातल्या या उपसागरात नॅकनेक, क्विचॅक, नुशगॅक, इगेगिक अशा नद्या येऊन मिळतात आणि सॉकाय जातीच्या सॅमन माशांचा जगातला सर्वांत मोठा लोंढा दर उन्हाळ्यात समुद्रातून अंडी घालायला त्यांच्यात चढतो. इथला पहिला मासे डबाबंद करण्याचा कारखाना १८८४चा. म्हणजे जवळजवळ १४० वर्षं तिथं धंद्याची मासेमारी चालली आहे. मजकुराच्या हिशेबानं त्या नद्या कधीच रिकाम्या व्हायला हव्या होत्या. प्रत्यक्षात २०२२मध्ये तिथं सुमारे ७ कोटी ९० लाख सॉकाय आले, नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा उच्चांक. त्यांतले ६ कोटी पकडले गेले, तरी नदीत वर जायला हवे तितके मासे गेले.

हे आपोआप झालेलं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर अलास्काची सॅमन मासेमारी रसातळाला गेली होती. १९५३मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी तिथल्या मच्छीमार वस्त्यांसाठी आपत्ती जाहीर केली होती. बाहेरच्या कंपन्यांनी किनाऱ्यालगत खांब ठोकून कायमचे सापळे लावले होते, वाटेतला मासा तिथंच अडकायचा. १९५९मध्ये अलास्का राज्य झालं आणि ते सापळे बंद झाले. राज्यघटनेतच लिहिलं गेलं की मासे, वनं, वन्यजीव यांचा वापर शाश्वत उत्पन्नाच्या तत्त्वावर व्हायला हवा: वाढेल तेवढंच घ्यायचं, मूळ शाबूत ठेवायचं.

आज काय चालतं? नदीकाठी मनोरे उभारलेले असतात. त्यांवर माणसं बसतात, दर तासाला दहा मिनिटं, आधी एका काठावरून मग दुसऱ्या, खालून जाणारे मासे डोळ्यांनी मोजतात. रात्रंदिवस. जाळ्यातून निसटून वर गेलेल्या माशांची ही मोजणी आधी, पकड नंतर. ठरलेला आकडा गाठला जाण्याची चिन्हं नसतील तर मासेमारी बंद. रेडिओवर घोषणा होते आणि होड्या थांबतात. बत्तीस फुटांहून लांब होडी चालत नाही. १९७३च्या कायद्यापासून परवान्यांची संख्या बांधलेली आहे. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला कोळी बांधव दर्याला नारळ देऊन पुन्हा निघतात. माशाला वेळ द्यायचा हे शहाणपण आपल्यालाही अनोळखी नाही. तिथं ते दिवसागणिक, नदीगणिक होतं.

(तलावांचं पाणी थोडं उबदार झाल्यानं पिल्लांची वाढ बरी झाली, हेही २०२२च्या आकड्यामागचं एक कारण मानलं जातं. ते लपवण्याचं काही कारण नाही. पण वर चढायला मासे राखलेच नसते, तर त्या उबेत वाढलं कोण असतं?)

त्याच ब्रिस्टल बेला खरा धोका कशाचा होता? पेबल नावाच्या खाणीचा. तांबं, सोनं आणि मॉलिब्डेनमची ही खाण नुशगॅक आणि क्विचॅकच्या उगमाकडच्या ओढ्यांवर, पाणथळींवर बसणार होती. सॉकायची पिल्लं जिथं जन्मतात आणि वर्ष-दोन वर्षं वाढतात, तिथंच. खाणीला विरोध करायला कोण उभं राहिलं? युपिक, डेनाइना आणि अलुतीक या मूळ रहिवाशांची गावं, व्यापारी मच्छीमार, गळानं मासे पकडायला येणाऱ्यांचे लॉज चालवणारे, शिकारी. एरवी कुणी किती मासे घ्यावेत यावरून एकमेकांशी भांडणारी माणसं वर्षानुवर्षं एका बाजूला राहिली. नोव्हेंबर २०२०मध्ये लष्कराच्या अभियंता विभागानं परवाना नाकारला आणि जानेवारी २०२३मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेनं स्वच्छ पाणी कायद्याखाली तिथं खाणीचा कचरा टाकायला मनाई केली. ‘मासेमारी बंद’ झाली असती, तर या लढ्यात उभं राहायला तिथं पोटाची गरज असलेलं माणूसच उरलं नसतं.

आता दुसरी नदी, युकॉन. ती कॅनडात उगम पावून तीन हजार किलोमीटरांहून अधिक वाहत बेरिंग समुद्राला मिळते. तिच्यातला चिनूक, म्हणजे राजा सॅमन, ढासळला आहे. आधी मासेमारीवर मर्यादा आल्या, मग घरच्या जेवणापुरतीही बंद झाली, आणि एप्रिल २०२४मध्ये अलास्का व कॅनडानं सात वर्षांची पूर्ण बंदी मान्य केली. मजकुराला हवं तेच तिथं घडलं आहे. पण मासा बंदीचा हुकूम ऐकून परत येत नाही. समुद्र तापतो आहे, नदीचं पाणी काही उन्हाळ्यांत माशाला सोसत नाही, इक्थिओफोनस नावाचा परजीवी वाटेतच मासे मारतो. बेरिंग समुद्रात पोलॉक नावाच्या माशासाठी ओढल्या जाणाऱ्या प्रचंड जाळ्यांत सॅमनही अडकतात, यावर काठची गावं संतापलेली आहेत. ही बंदी मला गरजेची वाटते. ती पुरेशी आहे असं मात्र कुणी म्हणू नये, आणि ज्यांनी मासे पकडायची पाण्यातली चाकं काठावर ओढून ठेवली, मासे सुकवण्याचे मांडव रिकामे ठेवले, त्यांनाच निसर्गाचे शत्रू तर मुळीच म्हणू नये.

‘दुकानं असताना शिकारीची गरज काय?’

अलास्कातली बहुतेक खेडी रस्त्यानं कशालाच जोडलेली नाहीत. सामान विमानानं किंवा उन्हाळ्यात तराफ्यांवरून येतं आणि तसंच महाग पडतं. ग्रामीण भागात माणशी वर्षाला सव्वाशे किलोच्या आसपास अन्न रानातून, नदीतून, समुद्रातून येतं. निम्म्याहून अधिक मासे. ते बंद करा म्हणणाऱ्यानं त्याऐवजी ताटात काय वाढायचं तेही सांगावं. हजारो किलोमीटरांवरच्या कारखान्यातलं कोंबडीचं मांस, विमानानं आणलेलं?

बाहेरून ‘बंद करा’ म्हणण्याचा एक धडा अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरच्या उत्कियाग्विकमध्ये, म्हणजे पूर्वीच्या बॅरोमध्ये मिळाला. १८४८नंतर व्यापारी जहाजांनी बोहेड देवमासे बेसुमार मारले होते. १९७७मध्ये आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगानं त्यांची संख्या फार कमी उरल्याचं म्हणत तिथल्या मूळ रहिवासी इन्युपिआत लोकांच्या शिकारीवर बंदी आणली. इन्युपिआत कप्तान म्हणाले, तुम्ही मोकळ्या पाण्यातलेच मोजता. देवमासे बर्फाखालूनही जातात, बर्फ फोडून श्वास घेतात. त्यांनी स्वतःचा आयोग स्थापला. हॅरी ब्रॉवर सीनियर यांच्यासारख्या जुन्या कप्तानांचं म्हणणं शास्त्रज्ञांनी गंभीरपणे घेतलं, पाण्याखाली मायक्रोफोन सोडले, आणि बर्फाखालून जाणारे देवमासे खरोखर ऐकू आले. २०११च्या मोजणीत त्यांची संख्या १७ हजारांच्या घरात निघाली. बंदीची जागा कोट्यानं घेतली होती, आणि हे सगळं ठरावीक कोट्यातली शिकार चालू असताना झालं. त्या प्राण्याविषयीचं सर्वांत अचूक ज्ञान त्याची शिकार करणाऱ्यांकडे होतं.

सीलचंही तसंच. १९८३मध्ये युरोपनं सीलच्या पिल्लांच्या कातड्यांवर बंदी आणली तेव्हा इनुइटांना, म्हणजे आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांना, सूट होती. पण बाजारच कोसळला आणि कॅनडाच्या उत्तरेतल्या वस्त्यांची रोजची कमाई गेली. ग्रीनपीसच्या कॅनडा शाखेनं २०१४मध्ये इनुइटांची जाहीर माफी मागितली. वाईट हेतूनं कुणी काही केलं नव्हतं. आपले मजकूर पुढे पाठवणारेही वाईट हेतूनं पाठवत नाहीत.

‘शिकारी संवर्धनाला काय देतात?’

पैसे देतात. अमेरिकेत १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. १९५०पासून मासेमारीच्या सामानावरही तसाच कर आहे. राज्यानं चौथा हिस्सा घालायचा, आणि परवान्यांचे पैसे दुसरीकडे वळवायचे नाहीत, अशी अट आहे. आज बंदुका घेणाऱ्यांत शिकार न करणारेही पुष्कळ, त्यामुळे सगळं श्रेय शिकाऱ्यांना देणं बरोबर नाही. पण ‘काहीच नाही’ हे साफ खोटं.

‘सरकार शिकाऱ्यांसाठी अस्वलं मारतं’

हे खरं आहे, आणि मला ते मुळीच पटत नाही. कॅरिबू या उत्तरेकडच्या हरणांचा मुलचॅटना नावाचा कळप नव्वदच्या दशकात दोन लाखांच्या आसपास होता, तो १३ हजारांवर आला. तेव्हा २०२३च्या वसंतात राज्याच्या कर्मचाऱ्यांनी पाडसं जन्मतात त्या भागात हेलिकॉप्टरमधून ९४ तपकिरी अस्वलं, ५ काळी अस्वलं आणि ५ लांडगे मारले. मार्च २०२५मध्ये राज्याच्याच न्यायालयानं तो कार्यक्रम घटनेच्या विरुद्ध ठरवला. अस्वलं किती आहेत हे नीट न मोजता ती मारणं, हे मनोऱ्यावर बसून मासे मोजण्याच्या अगदी उलट आहे. रागवायचंच तर इथं रागवा. कागदावरची सही हेलिकॉप्टरच्या बाजूनं करणाऱ्यांवर रागवा. नदीकाठी मूस मारून हिवाळ्याची बेगमी करणाऱ्या बाईवर नको.

‘माणसाला बाहेर काढा’

१९८०च्या कायद्यानं अलास्कात दहा कोटींहून अधिक एकर जमीन राखीव झाली आणि त्याच कायद्यानं ग्रामीण लोकांचा उदरनिर्वाहाचा हक्क आधी धरला. माणूस काढून रान राखायचं, हा विचार तिथं कायद्यानंच नाकारला आहे.

ईशान्येला आर्क्टिक अभयारण्याच्या किनारी मैदानावर पॉर्क्युपाइन नावाच्या कळपातल्या कॅरिबू माद्या दर उन्हाळ्याच्या तोंडाला पाडसं द्यायला येतात. त्या मैदानाखाली तेल असल्याचं मानतात आणि ते काढायला द्यावं की नाही यावर अनेक दशकं वाद चालू आहे. २०१७मध्ये अमेरिकन संसदेनं दार उघडलं. ते बंद राहावं म्हणून सर्वांत चिवटपणे झगडले ते ग्विचिन, याच कॅरिबूंवर जगणारे शिकारी. १९८८मध्ये आर्क्टिक व्हिलेज या गावी अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांतले ग्विचिन जमले, शंभरहून अधिक वर्षांत प्रथमच, आणि कळपाच्या बाजूनं एकमुखानं बोलायचं त्यांनी ठरवलं. त्यांच्या भाषेत त्या मैदानाचं नाव आहे ‘जीवन जिथं सुरू होतं ती पवित्र जागा’. पाडसं जन्मत असताना तिथं शिकारीला जायचं नाही, उपासमारीच्या वर्षीसुद्धा नाही, असं त्यांची जुनी माणसं सांगत आली आहेत.